परिविक्षाधीन अधिकाऱ्याचे पहिले गुरुकुल तलाठ्याचे दप्तरच असले पाहिजे

राज्यसेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अधिकाऱ्याच्या परिविक्षा काळातील, म्हणजे कायम होण्यापूर्वीच्या प्रशिक्षणाच्या काळातील, सर्वांत मोलाचे दिवस कोणते, असे मला कोणी विचारले, तर तलाठ्याच्या दप्तरात बसून काढलेले दिवस असे उत्तर मी देईन. आणि नेमके तेच दिवस आज सर्वांत घाईने उरकले जातात, ही माझी तक्रार आहे. माझी बहुतेक नोकरी महसूल खात्यात, तहसील कार्यालयातच झाली. उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदार पदांवर नव्याने निवड झालेले अनेक अधिकारी त्या काळात प्रशिक्षणासाठी आमच्याकडे येऊन गेले. हुशार, कष्टाळू, काहीतरी चांगले करून दाखवण्याची इच्छा असलेली ही मुले-मुली होती. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

परीक्षा जे तपासते आणि नोकरी जे मागते, त्यांत अंतर असणे यात वावगे काही नाही. १८५४ मध्ये मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सनदी सेवेसाठी खुल्या स्पर्धेची शिफारस केली, तेव्हाच हा विचार मांडला गेला होता की, आधी उत्तम सर्वसाधारण शिक्षण झालेले तरुण निवडावेत आणि कायदा, देशी भाषा, महसुलाचे व्यवहार हे कामाचे शिक्षण त्यांना निवडीनंतर द्यावे. परकीय राज्यकर्त्यांचा हेतू आपल्या हिताचा नव्हता हे खरे; पण इकडे आलेल्या तरुण असिस्टंट कलेक्टरलाही भाषेची आणि महसुली कायद्यांची खातेनिहाय परीक्षा द्यावी लागे आणि फिरतीवर जाऊन गावचे दप्तर तपासावे लागे. स्पर्धा परीक्षेची ही पद्धत आपण पुढे चालवली आहे, तेव्हा तिचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे निवडीनंतरचे शिक्षण, तितक्याच गांभीर्याने चालवणे हे आपले काम आहे.

महाराष्ट्रात त्यासाठी व्यवस्था नाही असे मुळीच नाही. पुण्याची यशदा आणि नागपूरची वनामती या प्रशिक्षण संस्था आहेत, पोलीस उपअधीक्षकांसाठी नाशिकची पोलीस प्रबोधिनी आहे. गेल्या काही वर्षांपासून राज्यसेवेतून आलेल्या वेगवेगळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांसाठी दोन वर्षांचा एकत्रित परिविक्षाधीन प्रशिक्षण कार्यक्रम राबवला जातो. उद्याचा तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि मुख्याधिकारी यांनी एका वर्गात बसावे, एकमेकांची खाती समजून घ्यावीत, ही कल्पना फार चांगली आहे, कारण पुढे तालुक्याच्या ठिकाणी पाणीटंचाईच्या बैठकीला हेच लोक एकमेकांसमोर येतात. वर्गातील व्याख्यानांविषयी माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे वर्ग संपल्यानंतरच्या क्षेत्रीय प्रशिक्षणाविषयी आहे.

फेरफाराचेच, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलाच्या नोंदीचेच, उदाहरण घ्या. गावात खातेदार वारला की वारस नोंदीचा अर्ज येतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, वारसांचे शपथपत्र अशी कागदपत्रे जोडलेली असतात. तलाठ्याने गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत नोंद घ्यायची, गावात चौकशी करायची, मग गाव नमुना सहामध्ये फेरफार धरायचा, हितसंबंधितांना नोटीस काढायची, ती चावडीवर लावायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत घ्यायचे आणि त्यानंतर तलाठ्याच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करायची किंवा रद्द करायची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये हे सगळे आहे आणि कोणताही प्रशिक्षणार्थी ते घडाघडा सांगू शकतो. पण शपथपत्रात तीन भावांची नावे आहेत आणि लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींची नाहीत, ही गोष्ट कलम वाचून कळत नाही. ती कळण्यासाठी मयताच्या घरी जावे लागते, शेजाऱ्याला विचारावे लागते, पोलीस पाटलाचा चेहरा वाचावा लागतो.

आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या एका तरुण उपजिल्हाधिकारी बाईंनी अशा एका प्रकरणात बहिणीच्या सासरचा पत्ता शोधून तिला नोटीस पोहोचवण्याचा आग्रह धरला. भावांनी शंभर रुपयांच्या मुद्रांकावर बहिणीची सही घेतलेला कागद पुढे केला होता आणि त्यात हक्क सोडल्याचे लिहिले होते. नोंदणीकृत हक्कसोड पत्राशिवाय अशा कागदाच्या आधारे वारसाचे नाव वगळता येत नाही, हे मॅडमना पुस्तकातून माहीत होते. बहीण आली. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि आधार कार्ड गुंडाळून आणले होते. ती बाकाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "ताई, माझं नाव राहू द्या. जमीन नको असंल तर ते मी सांगंन, दुसऱ्यानं कशाला सांगायचं?" त्यानंतर मॅडमनी मंडळ अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून तिचा जबाब स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतला, तिला वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. हे काम पुण्यात किंवा नागपुरात बसून शिकवता येणार नाही.

आता पुढचा भाग पाहा. परिविक्षा काळ संपला की हीच उपजिल्हाधिकारी उपविभागीय अधिकारी म्हणून रुजू होते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या नोंदींविरुद्धची अपिले कलम २४७ खाली तिच्यासमोर चालतात. ज्याने आयुष्यात एकही फेरफार लिहिलेला नाही, एकही नोटीस बजावून पाहिलेली नाही, तो फेरफारावरील अपिलाचा निकाल लिहितो तेव्हा वकिलाच्या युक्तिवादावर किंवा कारकुनाने पुढे ठेवलेल्या मसुद्यावर विसंबण्याखेरीज त्याला गत्यंतर नसते. असे निकाल वरच्या अपिलात फिरतात, प्रकरण फेरचौकशीला परत येते, आणि तोवर दोन्ही पक्ष बांधावर एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात.

रस्त्याच्या प्रकरणांतही हेच दिसते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावे लागते. रस्ताच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. नव्या अधिकाऱ्याच्या हातून या दोन्हींची गल्लत झालेली मी पाहिली आहे. कलमे त्याला ठाऊक असतात; पण रस्ता जुना आहे की नवा, हे स्थळपाहणीत ओळखण्याची नजर तयार झालेली नसते. गाडीची चाकोरी कुठवर दिसते, बांधावरचे झाड किती वर्षांचे असेल, गाव नकाशावर तुटक रेघ आहे का, पलीकडचा शेतकरी इतकी वर्षे ऊस कोणत्या वाटेने बाहेर काढत होता, हे प्रश्न विचारायला अनुभवी मंडळ अधिकाऱ्याच्या मागे चार-सहा वेळा चालावे लागते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो की, ही बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले आहेत, त्यांना सातबारा काय शिकवायचा? मला हे पटत नाही. त्यांनी आपल्या घरचा सातबारा पाहिलेला असतो, तोही बहुधा पीककर्जासाठी काढलेला. शिवाय पुण्याच्या नवी पेठेतील किंवा सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत कित्येक वर्षे घालवल्यावर गाव मनात असते, पण गावातील कारभार दूर गेलेला असतो. यात त्यांचा दोष नाही. एवढी कठीण परीक्षा द्यायची तर माणसाला बाकी सगळे बाजूला ठेवावेच लागते. त्यातही निकालानंतर नियुक्तीपत्र वेळेवर हाती पडेल याची खात्री नाही. २०१९ च्या राज्यसेवेतून निवडलेले ४१३ उमेदवार निकालानंतर वर्षभराहून अधिक काळ नियुक्तीची वाट पाहत बसले होते. वाट पाहण्यात अशी वर्षे जात असताना प्रशिक्षणातील आठवडे मात्र वाचवायचे, हा हिशेब मला समजत नाही.

हे आठवडे कमी कसे होतात, तेही सांगतो. प्रशिक्षणार्थी तालुक्याला येतो. कागदावर त्याचे वेळापत्रक ठरलेले असते: इतके दिवस तलाठी, इतके दिवस मंडळ अधिकारी, पुढे नायब तहसीलदार. पण तालुक्यात पदे रिक्त असतात. पहिल्याच आठवड्यात निवडणुकीचे काम येते, मग अतिवृष्टीच्या पंचनाम्यांचे नियंत्रण, मग एखाद्या मंत्र्यांचा दौरा. नवा अधिकारी तरतरीत असतो, संगणक चांगला चालवतो, म्हणून वरिष्ठही त्याला हाताशी धरतात. साझ्यावर, म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांत, काढायचे दिवस अहवालात पूर्ण झालेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांतले बरेचसे बैठकीची टिप्पणी तयार करण्यात गेलेले असतात. याचा दोष मी वरिष्ठांना तरी किती द्यावा? रिकाम्या खुर्च्या घेऊन तालुका चालवणारा तहसीलदार हाती आलेला माणूस वापरणारच. म्हणूनच ही गोष्ट त्याच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.

माझ्या मते महसुली पदांवरील प्रशिक्षणार्थीला एक संपूर्ण खरीप एकाच साझ्याला जोडून ठेवावे. जूनमध्ये पेरणी होते, पुढे ई-पीक पाहणी (मोबाइलवरून होणारी पिकांची नोंद) येते, सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी (नेहमीचे चांगले पीक रुपयाभर धरले तर यंदाचे किती पैसे, हा अंदाज), ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी लागते. त्याच काळात पीक कापणी प्रयोग होतात. प्रयोगासाठी ठरलेल्या शेतात दोरीने चौकट आखणे, तेवढेच पीक कापणे, मळणी करून दाणे तागडीत घालणे आणि आलेले वजन सर्वांसमोर नोंदवहीत लिहिणे, हे त्याने स्वतःच्या हाताने केले पाहिजे. ५० पैशांच्या आत-बाहेर या एका आकड्यावर गावाला मिळणाऱ्या सवलती अवलंबून असतात. तो आकडा कसा तयार होतो आणि तो बदलावा म्हणून कोणकोणत्या बाजूंनी दडपण येते, हे ज्याने पाहिले, तो पुढे जिल्ह्याच्या तक्त्यावर सही करताना थांबून विचार करील. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांना मसुरीच्या प्रबोधिनीतील प्रशिक्षणानंतर जवळजवळ वर्षभर जिल्हा प्रशिक्षण असते. तेही सगळेच आदर्श नसेल, पण ऋतूचे एक चक्र डोळ्यांखालून जावे हा त्यातला विचार योग्य आहे.

जी मुले भामरागड, धारणी किंवा धडगावला नेमली जाणार आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. माडिया, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाचा जबाब दुभाष्याच्या तोंडून घेणे आणि थोडा तरी स्वतःच्या कानांनी समजून घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वनहक्क कायदा, २००६ खालचा ज्याचा दावा त्याला बोलून मांडता आला नाही म्हणून फेटाळला गेला, त्याला पुढे कोणी विचारत नाही. अशा भागात चार दिवसांचा अभ्यासदौरा काढून भागणार नाही. तेथे राहावे लागेल.

आणि ज्या तलाठ्याकडे आपण या अधिकाऱ्यांना शिकायला पाठवतो, त्याला कोणी शिकवले? २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एवढ्या स्पर्धेतून निवडून आलेला तरुण, ज्याला आता अधिकृत भाषेत ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अनेकदा जुजबी प्रशिक्षणावर थेट साझ्याचा कार्यभार घेतो आणि शेजारच्या साझ्यावरील जुन्या सहकाऱ्याला फोन करकरून काम शिकतो. तो जुना सहकारी चांगला निघाला तर चांगल्या सवयी लागतात, नाहीतर वाईट. राज्यसेवेच्या अधिकाऱ्याइतकेच, किंबहुना त्याच्याहून अधिक, शिस्तबद्ध प्रशिक्षण या माणसाला मिळायला हवे, कारण सामान्य माणसाची सरकारशी पहिली गाठ त्याच्याशी पडते आणि बहुतेकांची शेवटचीही.

यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. साझ्यावरील प्रशिक्षणाच्या काळात प्रशिक्षणार्थीकडे कोणताही अतिरिक्त कार्यभार सोपवला जाणार नाही, असे नियुक्तीच्या आदेशातच लिहावे. त्या काळात त्याने स्वतः लिहिलेले फेरफार, घेतलेले जबाब, केलेल्या स्थळपाहण्यांची टिपणे आणि निकालांचे मसुदे यांची नस्ती (फाईल) तयार व्हावी, ती अपिले चालवणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्याने वाचून शेरे द्यावेत, आणि परिविक्षा काळ समाधानकारक ठरवताना अहवालातील दिवसांच्या संख्येऐवजी ही नस्ती पाहिली जावी. सामान्य प्रशासन विभागाने आणि महसूल विभागाने मनावर घेतले, तर पुढच्या तुकडीपासून हे सुरू होऊ शकते.