क्लीन कशाला, कंटेनर आहे की, म्हणणाऱ्यांना

आमच्या बेळगावच्या लिनक्सवाल्या पोरांच्या ग्रुपवर चार दिवस एक फॉरवर्ड फिरतंय: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेजमधलं क्लीन टार्गेट, म्हणजे बिल्ड करताना सोर्समध्ये झालेले बदल पुसणारा भाग, आता जुनं झालं, तसा नियमच नाही, बिल्ड कंटेनरमध्ये (दरवेळी नव्यानं उभारलेल्या कोऱ्या जागेत) होतं, नाहीतर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) क्लीन मारा, त्यात वेळ घालवू नका.

कंटेनरचं आधी बघू. बिल्ड सर्व्हरवर दरवेळी कोरी जागा मिळते हे खरं, आणि म्हणूनच तर क्लीन नीट नसल्याची चूक तिथं दिसत नाही! दिसते ती पॅच करणाऱ्याला. मी खानापूरकडं गावी होतो, मोबाईलचं हॉटस्पॉट, नेट रांगत होतं, एका पॅकेजच्या मराठी भाषांतरात एक शब्द चुकलेला म्हणून सोर्स उतरवला, क्विल्टनं (पॅच सांभाळणारं साधन) पॅच केला, बिल्ड झालं. मग दुसरा शब्द दिसला, तोही पॅचमध्ये घातला आणि परत डीपीकेजी-बिल्डपॅकेज (पॅकेज बिल्ड करायची कमांड) दिलं तर 'लोकल चेंजेस डिटेक्टेड', म्हणजे सोर्समध्ये बदल सापडले, म्हणून बंद. यादीत बघतो तर कन्नड, हिंदी, तमिळ, मी हातही न लावलेल्या पीओ, म्हणजे भाषांतराच्या, फायली. बिल्ड करताना गेटटेक्स्टनं (भाषांतराचं साधन) सगळ्यांत पॉट-क्रिएशन-डेट (पॉट, म्हणजे भाषांतराचा कोरा साचा, बनल्याची तारीख) नवी टाकलेली आणि क्लीननं जुनी परत आणलीच नाही. यासाठी त्या हॉटस्पॉटवर अख्खं कंटेनर उतरवू काय?

गिट क्लीन म्हणे. अहो ते फक्त गिटला माहीत नसलेल्या फायली उडवतं, बदललेल्या फायली परत आणत नाही. त्यासाठी चेकआउट (फाईल गिटमधल्या जुन्या रूपात आणणं) मारलं तर कमिट न केलेलं आपलं कामपण गेलं. आणि एपीटी सोर्सनं (सोर्स उतरवायची कमांड) टारबॉल (फायलींचं गाठोडं) येतो, त्यात गिट असतंच कुठं?

'नियमच नाही' हे तर सरळ खोटं. डेबियन पॉलिसीत स्पष्ट आहे, बिल्डनं जे केलं ते क्लीननं उलटवायचं. 2023 च्या ऑगस्टमध्ये हजारो पॅकेजेसवर ह्याच कारणानं बग नोंदवले गेले. 'मायनर', म्हणजे किरकोळ, म्हणून नोंदवले, हे मान्य, त्यामुळं कुणाचं पॅकेज लगेच बाहेर काढलं नाही.

अवघड आहे म्हणाल तर डेबियन/क्लीन नावाची एक फाईल, ओळीला एक नाव, क्लीनच्या वेळी चालणारी डीएच_क्लीन कमांड ते उडवते, संपलं. फक्त पीओ फायली त्यात घालू नका हां, पॉट परत तयार होते, पण पीओ माणसानं लिहिलेली असते, उडाली की पुढच्या बिल्डला मराठीच गायब. ती बिल्डआधी बाजूला कॉपी करा आणि क्लीनमध्ये परत ठेवा. माझ्या त्या पॅकेजला हेच केलं, लागोपाठ दोनदा बिल्ड करून बघितलं, मग पाठवलं.