आत्यानं समजूत घातली तर दंड?

परवा लोकमान्य नगरातली माझी आत्या शेजारच्या सुनेला म्हणाली, “मला आता काही विचारू नकोस बाई, माझ्याकडे लायसन नाही.” गेली चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीची भांडणं हिच्या ओट्यावर मिटतात! कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘मनाच्या अडचणींवर सल्ला देणाऱ्या काउन्सिलरांना सरकारी लायसन्स सक्तीचं होणार. घरच्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला तरी दंड! विरोध करा.’ खाली आणखी मुद्दे आणि हात जोडलेले सहा इमोजी. लायसन्सच्या मागणीसाठी इंदूरभर सह्या गोळा करणाऱ्यांत मी आहे, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक. तरी ढकललाच.

आधी तो दंड. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा, म्हणजे डॉक्टर नसलेल्या पण आरोग्याची कामं करणाऱ्यांचा कायदा २०२१चा आहे. तो पेशाबद्दल बोलतो, ओट्यावरच्या गप्पांबद्दल नाही. त्याच्या यादीत काउन्सिलरांसारखेच फिजिओथेरपिस्टही आहेत. म्हणून आजीनं नातवाच्या पायाला तेल चोळलं तर तिला कुणी धरून नेलंय का?

‘परदेशातही असली भानगड नाही.’ आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यानं १९७६ मध्ये अशा लायसन्सची सुरुवात केली, सगळ्यात शेवटी २००९ मध्ये कॅलिफोर्निया आलं. झालं?

‘सगळ्यांकडे सर्टिफिकेट असतंच.’ इथे मात्र डोकं फिरतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंद भारतीय पुनर्वसन परिषद या सरकारी संस्थेकडे होते, १९९२च्या कायद्यानं. तेवढं खरं. बाकी दोन रविवारांचं वर्कशॉप करून कागद लॅमिनेट केला की लागली पाटी. त्या २०२१च्या कायद्यात अलाइड प्रोफेशनलची अगदी खालची पायरीसुद्धा किमान दोन वर्षं आणि दोन हजार तासांची आहे.

माझ्या मामेभावाचा मुलगा भंवरकुआंला कोचिंगला होता. झोप लागत नाही, घरी जावंसं वाटतं, एवढंच त्यानं तिथल्या काउन्सिलर मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्या बॅचसमोर ‘मोटिव्हेशन’ म्हणून ऐकवलं गेलं, नावासकट. पोरगं आठ दिवस मेसमध्ये जेवायला गेलं नाही. भाऊ जाऊन भांडला, तर उत्तर मिळालं, “त्या बाहेरच्या होत्या, आता येत नाहीत.” डॉक्टर चुकला तर मेडिकल कौन्सिल आहे, वकील चुकला तर बार कौन्सिल. या बाईंची तक्रार न्यायची कुणाकडे? पोलिसांना गुन्हा काय सांगायचा, पोराचं मन उघडं पाडलं म्हणून? त्या आज दुसऱ्या एखाद्या कोचिंगमध्ये बसत असतील. लायसन्सवाल्यांचं रजिस्टर असतं तर त्यातून नाव कापता तरी आलं असतं. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत पात्र काउन्सिलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. आता संस्था माणसं शोधणार. त्यांत पात्र कोण, हे काय लॅमिनेशनवाला ठरवणार?

‘फी वाढेल.’ वाढेलही, मी नाही म्हणत नाही. माणसं मुळातच कमी आहेत: २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारागणिक, ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून राहिलेले आढळले. चाळणी फार बारीक धरली तर धार-झाबुआकडे कुणी उरायचं नाही, हा मुद्दा त्या मेसेजमधला एकमेव शहाणा मुद्दा. म्हणूनच आमच्या निवेदनात जुन्या, अनुभवी लोकांना परीक्षा देऊन रजिस्टरात येण्याची सोय मागितली आहे. पण ते वाचायचे कष्ट कोण घेणार!

‘खरं शहाणपण अनुभवातून येतं.’ येतं ना. मग माझ्या आत्याला कशाला घाबरवलंत?

हे सगळं तिला वाचून दाखवलं. सही केली तिनं, पण आधी विचारलं, “अरे, ते रजिस्टर होईल तेव्हा होईल. उद्या आपल्या पोरांना कुणाकडे न्यायचं झालं तर त्या मॅडमना विचारायचं काय?” दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून दिलं: कुठे शिकलात, किती दिवस, आणि हा इथे जे बोलेल ते कुणाकुणाला सांगणार.