मौनीबाबा आणि सोळा डबे

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

पुतणी यंदा इंजिनिअरिंगला लागली. इंडक्शनला कुणी ट्रेनर आला, मोबाईलवर स्वभाव ओळखायची मायर्स-ब्रिग्ज (एमबीटीआय) छापाची टेस्ट द्यायला लावली, वीस मिनिटांत अख्ख्या वर्गाचे स्वभाव ठरले आणि त्यावरून प्रोजेक्टचे ग्रुप पाडले. एक्स्ट्रोव्हर्टांनी प्रेझेंटेशन करायचं, इंट्रोव्हर्टांनी रिपोर्ट टाईप करायचा. संध्याकाळी पोहे खाता खाता मला सहज म्हणते, काका मी आयएनएफपी (त्या टेस्टमधल्या सोळा प्रकारांतला एक, इंट्रोव्हर्टांचा) आहे ना, मला स्टेजवर जमणारच नाही. अठराव्या वर्षी जमणारच नाही! हीच बया गणपतीत सोसायटीच्या अंताक्षरीला माईक सोडत नाही.

तुम्ही सगळे हॉस्टेलात राहिलेले आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या रूमवर उदगीरकडचा एक जण होता, १९९६ ची गोष्ट. पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. व्हायवाला सरांनी विचारलं की मान खाली. आम्ही त्याचं नाव ठेवलं मौनीबाबा, आणि हे नाव मीच ठेवलं होतं, आज कबूल करतो.

आपल्या आज्यांनी देवगण, मनुष्यगण, राक्षसगण अशा तीनातच माणसं उरकली होती, ह्यांनी सोळा डबे केले एवढाच काय तो फरक. आणि काढली कुणी ही टेस्ट? अमेरिकेतल्या दोघी मायलेकींनी, कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स. आई शेतकी शिकलेली, मुलगी राज्यशास्त्र. युंग ह्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ साली स्वभावांबद्दल मांडलेलं घेतलं आणि त्यावरून चार-चार अक्षरांचे सोळा प्रकार केले. तो युंग स्वतः सांगत होता की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख असा माणूस नसतोच. बरं, ती टेस्ट विकणारी कंपनीसुद्धा म्हणते की नोकरीला माणूस निवडताना ही वापरू नका, आणि आमचे ट्रेनरसाहेब कुठल्यातरी फुकटच्या वेबसाईटची लिंक टाकून पोरांना कामं वाटतात. वर त्याचे पैसे घेतात!!

तर मौनीबाबा. दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी त्याच्या गावी गेलो. रविवारी मला हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात घेऊन गेला, काकांचा देवणी गोऱ्हा विकायचा होता. आणि तिथे हा सुटला हो! दात दाखवतोय, खूर दाखवतोय, गिऱ्हाईकाच्या बापाची चौकशी करतोय, एका दलालाला तर सगळ्यांसमोर असा झापला की लोक हसायला लागले. मग उपरण्याखाली बोटं धरून भाव, तोही ह्यानेच केला, काका नुसते बाजूला उभे. मी मात्र सकाळपासून चार वाक्यं बोललो नव्हतो, कारण मला त्यातलं काही कळतच नव्हतं. त्या बाजारात कुणी टेस्ट घेतली असती तर इंट्रोव्हर्ट कोण निघाला असता सांगा.

तो घुमा नव्हता हो. बारावीपर्यंत मराठीत शिकलेला पोरगा, समोर सगळं इंग्रजी, आणि एकदा चुकीचं बोलल्यावर आख्खा वर्ग हसलेला. मीही हसलेलो. आणि नंतर आम्हीच म्हणणार की ह्याचा स्वभावच तसा.

पुतणीचं एक मात्र ऐकून घ्यावं लागलं. म्हणाली, काका, लहानपणापासून सगळ्या आत्या मला माणूसघाणी म्हणायच्या, इंट्रोव्हर्ट शब्द मिळाल्यावर निदान ती शिवी तरी राहिली नाही. बरं बाई, आहे त्यात तथ्य. आणि आत्यांच्या त्या कोरसमध्ये मीही होतोच, म्हणजे नावं ठेवायची सवय माझी जुनीच दिसते. त्यामुळे तिच्यावर राग नाही. राग त्या रिपोर्ट टाईप करण्यावर आहे. जो आधीच गप्प आहे त्याला चार वर्षं मागच्या बाकावर बसवायचं आणि वर शास्त्रीय म्हणायचं.

हे लिहिता लिहिता राहवेना, मध्येच मौनीबाबाला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिंक पाठव की मला बी. पण मराठीत हाय का ते?" मग चाळीस मिनिटं सोयाबीनच्या भावावर बोलला. मी आपला हं, हं करत होतो.