हा परिसर नसता, तर काय झालं नसतं?

विद्यापीठाभोवती उभ्या राहिलेल्या कुठल्याही इनोव्हेशन डिस्ट्रिक्टचा, म्हणजे संशोधन, कंपन्या आणि स्टार्टअप एकत्र आणणाऱ्या परिसराचा, वार्षिक अहवाल उघडा. सुरुवातीच्या पानांतच आकडे भेटतात. इतके स्टार्टअप, इतकी पेटंट, इतके सामंजस्य करार, इतके चौरस फूट, इतके रोजगार. हे आकडे बहुतेक वेळा खरे असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे सगळं त्या परिसरामुळे झालं, की नुसतं त्या परिसरात झालं? या प्रश्नाचं उत्तर अहवालात शोधून सापडत नाही.

संशोधनाच्या मूल्यमापनाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोजगाराचाच रकाना घ्या. एखादी कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाहून उठून इथल्या नव्या इमारतीत आली. माणसं तीच, कामं तीच, पगारही तेच. फॉर्मवर मात्र ती सगळी माणसं ‘निर्माण झालेले रोजगार’ या रकान्यात जाऊन बसतात. भरणारा खोटं बोलत नसतो, ‘स्थलांतरित’ असा रकानाच तिथे नसतो. असे फॉर्म मी हाताळले आहेत. नवे, हललेले आणि बंद पडलेले असे तीन रकाने करा एवढंच मी सुचवलं, तर ‘त्याने आकडा लहान दिसेल’ असं उत्तर मिळालं. आकडा लहान दिसेल हे खरंच आहे, आणि तोच खरा आकडा असेल.

तुलनेशिवाय परिणाम कळत नाही, हे या क्षेत्राला नवीन नाही. संशोधक पॉल वेस्टहेड यांनी 1990च्या दशकात ब्रिटनमधल्या सायन्स पार्कमधल्या (तंत्रज्ञान कंपन्यांसाठी राखलेल्या वसाहतींमधल्या) कंपन्या आणि त्यांच्यासारख्याच, पण पार्कबाहेरच्या कंपन्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. संशोधनावरचा खर्च आणि त्यातून निघालेली फळं, दोन्हीत म्हणावा असा फरक दिसला नाही. याउलट ॲडम जॅफे, मॅन्युएल ट्रायटेनबर्ग आणि रिबेका हेंडरसन यांनी 1993 मध्ये अमेरिकन पेटंटचे संदर्भ तपासले. त्याच काळातल्या, त्याच तंत्रज्ञानातल्या पेटंटशी तुलना केल्यावरही नवी पेटंट आपल्याच भागातल्या जुन्या पेटंटचा आधार अधिक घेताना दिसली. म्हणजे जवळ असण्याचा फायदा असतो, पण तो आपोआप मिळत नाही. दोन्ही अभ्यासांत निष्कर्ष काढण्याआधी तुलनेसाठी जोडीदार शोधलेला आहे. आपल्या अहवालांना हा जोडीदार नसतो.

पेटंटच्या संख्येवर मी फार वेळ घालवणार नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं ते इथेही तंतोतंत लागू पडतं: ज्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला जाल, तो भरवशाचा राहत नाही. पेटंट मोजा, पेटंट वाढतील. उत्पन्न मोजाल, तर एकच घबाड सगळ्या सरासऱ्या बिघडवून टाकेल. स्टॅनफर्डने गूगलचे शेअर विकून 2005 मध्ये सुमारे 33.6 कोटी डॉलर मिळवले. त्या आकड्याकडे बघून दुसऱ्या विद्यापीठाने आपलं उद्दिष्ट ठरवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्या एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूवर, काम करत होत्या. अनुदानं मिळत नव्हती, आणि 1995 मध्ये त्यांना खालच्या पदावर ढकलण्यात आलं. 2005 मध्ये ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी तो निर्णायक शोधनिबंध लिहिला. तेव्हाही फारसं कोणी वळून पाहिलं नाही. 2020 मध्ये एमआरएनएवर आधारित कोविडच्या लशी आल्या, त्यांतली एक जर्मनीतल्या माइन्त्सच्या बायोएनटेकने फायझरबरोबर केलेली आणि दुसरी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या मॉडर्नाची. 2023 मध्ये कारिको आणि वाइसमन या दोघांना नोबेल मिळालं. आता या यशाची नोंद कुठल्या परिसराच्या खात्यात करायची? हद्द आखून आत काय घडलं एवढंच मोजलं, तर जिथे मूळ काम झालं तिथे या कंपन्यांचा एकही रोजगार दिसणार नाही. शिवाय अनुदान हीच कसोटी धरली, तर ते काम करणारी व्यक्तीच नापास ठरली होती. ज्या मोजपट्टीत एवढं मोठं यश बसत नाही, ती मला मान्य नाही.

दुसरा घोळ काळाचा. आज सगळे ज्याच्याकडे बोट दाखवतात तो अमेरिकेतल्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथला, एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाशेजारचा केंडल स्क्वेअर घ्या. 1960च्या दशकात तिथली जुनी औद्योगिक वस्ती हटवून नासाचं इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र आणलं गेलं. 1970 मध्ये ते बंद झालं आणि मोठमोठे भूखंड वर्षानुवर्षं ओस पडले. 1975 मध्ये कुणी मूल्यमापन केलं असतं, तर फसलेला प्रकल्प असाच शेरा मिळाला असता. नेमकं त्याच सुमारास केंब्रिज शहरात रीकॉम्बिनंट डीएनएच्या, म्हणजे वेगवेगळ्या जीवांचे डीएनए जोडण्याच्या, प्रयोगांवरून वाद पेटला. शहराने सामान्य नागरिकांची समिती नेमली. तज्ज्ञ नसलेल्या त्या लोकांनी महिनोन्महिने शास्त्रज्ञांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि 1977 मध्ये शहराने नियम केले. नियम स्पष्ट असल्यामुळे पुढे बायोजेनसारख्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांना तिथे यायचा भरवसा वाटला. 2002 मध्ये औषध कंपनी नोव्हार्टिसने आपल्या संशोधनाचं मुख्यालय तिथे नेण्याचं ठरवलं. म्हणजे केंडल स्क्वेअर घडवण्यात नागरिकांच्या एका समितीचा मोठा वाटा आहे, आणि तो टिपणारा रकाना मी आजवर एकाही अहवालात पाहिलेला नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं रिसर्च ट्रँगल पार्कही 1959 मध्ये सुरू झालं, पण आयबीएम यायला 1965 उजाडलं. तीन वर्षांच्या प्रकल्प-कालावधीत परिणाम दाखवा म्हणणाऱ्यांना या तारखा ठाऊक असायला हव्यात.

मग तीन वर्षांत काहीच मोजता येत नाही का? येतं. संबंध मोजता येतात. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकात दाखवलं, की दोन इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की त्यांचं कामाबद्दलचं बोलणं झपाट्याने कमी होतं. पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळपास थांबतंच. एका छताखाली आणून बसवणं पुरत नाही ते यामुळे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त कळलं ते एका प्रयोगशाळेतल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या नोंदवहीतून. तारीख, वेळ, कोणाचा नमुना, यंत्र कोणी चालवलं, शेरा. बाहेरच्या कंपन्यांची नावं आधी तुरळक, मग एकाच छोट्या कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा. त्या नावासमोर दर वेळी यंत्र चालवणारी एकच पीएचडीची विद्यार्थिनी. शेऱ्याच्या रकान्यात आधी ‘नमुना खराब’, पुढे ‘पद्धत बदलली’, नंतर ‘ठीक’. एका कंपनीने विद्यापीठाकडून काहीतरी शिकल्याचा हा पुरावा आहे, आणि तो कुठल्याही सामंजस्य करारापेक्षा भक्कम आहे. करार सह्यांनंतर कपाटात जातात. पण नोंदवही कोणी मागत नाही.

आता शेजाऱ्यांबद्दल, कारण माझा खरा राग इथेच आहे. फिलाडेल्फियात 1963 मध्ये युनिव्हर्सिटी सिटी सायन्स सेंटर स्थापन झालं. त्या काळच्या पुनर्विकासात ‘ब्लॅक बॉटम’ ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती उठवली गेली, हजारो लोक विस्थापित झाले. 1969 मध्ये विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध विद्यापीठात ठिय्या दिला. सायन्स सेंटरमधून किती कंपन्या निघाल्या याची मोजदाद झाली. उठवलेली माणसं कुठे गेली, तिथे त्यांचं काय झालं, हे त्याच हिशेबात का नाही? त्यांना वगळून ‘एकूण परिणाम’ हे शब्द वापरणं अन्यायाचं आहे. बार्सिलोनाने 2000 साली आपल्या पोब्लेनोउ या भागातल्या सुमारे 200 हेक्टर औद्योगिक जमिनीसाठी ‘22@’ योजना आणली. त्यात जादा बांधकामाच्या बदल्यात जमिनीचा काही हिस्सा हिरव्या जागा, सार्वजनिक सुविधा आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा, अशी अट होती. रहिवाशांचे वाद तिथेही झाले. तरी घरं आणि मोकळी जागा योजनेच्या अटींतच होती, म्हणून त्यांची मागणी करता आली आणि हिशेबही विचारता आला.

तर माझं म्हणणं असं. पहिला बांधकाम परवाना देण्याआधी आसपासची भाडी, छोटी दुकानं, राहणारी कुटुंबं, तिथल्या मुलांचं शिक्षण आणि लोकांची कामं यांची नोंद करा, आणि शक्य असेल तर तशाच दुसऱ्या वस्तीचीही. मग दर पाच वर्षांनी दोन्हीकडे तीच नोंद घ्या. निघून गेलेल्यांचा माग ठेवा. बंद पडलेल्या स्टार्टअपांची यादी चाललेल्यांच्या शेजारी छापा. परिसरातल्या नव्या नोकऱ्यांपैकी पदवी नसलेल्यांना किती मिळाल्या ते वेगळं सांगा. मोजण्याचं काम परिसर चालवणाऱ्या संस्थेकडे देऊ नका, कारण तिचं पुढचं अनुदान त्याच आकड्यांवर ठरतं. आणि कच्ची आकडेवारी खुली ठेवा, म्हणजे शेजारच्या वस्तीतल्या कुणालाही ती तपासता येईल.

खर्चिक आहे, असं म्हणतात. एका इमारतीच्या दर्शनी काचांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हे काहीच नाही. तुमच्यापैकी कोणी अशा समितीवर असेल, तर पुढच्या बैठकीत ‘स्थलांतरित’ या एका रकान्याची मागणी लावून धरा. नकार मिळाला, तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.