भातात गोळी पुरली म्हणून कुणी कोर्टात खेचत नाही

राजापूरच्या आमच्या मामाने ऐन लावणीच्या तोंडावर खताच्या गोळ्या नाकारल्या. कारण काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर: ‘खताच्या प्रक्रियांवर कंपन्यांनी पेटंट घेतलंय. अपिलातही कोर्ट त्यांचंच ऐकतं. अमोनियापासून खत होतं हे दहावीच्या पोरालाही कळतं, यात शोध कसला? आता गोळ्या वापरणाऱ्या शेतकऱ्यावरही खटले होणार.’

खटल्याचं आधी बघू, कारण माणसं घाबरतायत ती त्यालाच. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३ (एच) आहे. शेतीच्या किंवा बागायतीच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. भाताच्या चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) चौकोनात २.७ ग्रॅमची, युरिया आणि डीएपी या खतांची गोळी ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची, ही कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीतली पद्धत कोकणात कितीतरी वर्षं शिकवली जातेय. पेटंट असलंच तर ते कारखान्यातल्या प्रक्रियेचं असेल. दुकानातून रीतसर गोळी आणून चिखलात पुरणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. हे न वाचता लोकांना घाबरवणाऱ्यांचा मला संताप येतो.

आता दहावीचं पोर. कोर्ट त्याला विचारत नाही. कायदा विचारतो, की त्या विषयातल्या सर्वसाधारण जाणकाराला, म्हणजे इथे खत कारखान्यातल्या रसायन अभियंत्याला, आधी छापलेलं सगळं समोर ठेवून हे सहज सुचलं असतं का? आणि तेही अर्जाच्या तारखेला, आज नव्हे. उत्तर कळल्यावर सगळंच सोपं दिसतं. न्यायाधीशाला सांभाळायचं असतं ते हेच.

१९१२ साली जर्मनीत लाइपझिगच्या न्यायालयात हेच झालं. रसायनशास्त्रज्ञ हाबर यांच्या अमोनिया बनवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट बीएएसएफ या जर्मन कंपनीकडे होतं. प्रतिस्पर्धी होएक्स्ट कंपनी म्हणाली, यात नवं काही नाही, दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया नेर्न्स्ट या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी आधीच केलाय. केला होताच, पण हाती आला अगदी थोडा. हाबर यांनी दाब कितीतरी वाढवला, योग्य उत्प्रेरक शोधला. खुद्द नेर्न्स्ट बीएएसएफच्या बाजूने उभे राहिले (कंपनीशी त्यांचा करार होता, हेही सांगायला हवं) आणि पेटंट टिकलं. जे आधी माहीत होतं त्यातून कारखाना उभा राहत नव्हता, हाबर यांच्या प्रक्रियेतून राहिला.

‘कोर्ट कंपनीचंच ऐकतं’ हेही खोटं. भांडी लेथवर (फिरवून घासकाम करणाऱ्या यंत्रावर) धरण्याच्या पद्धतीचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये उडवलं. कारखान्यातली नुसती किरकोळ सुधारणा पुरत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय आणि आजही तोच निकाल पुढे ठेवला जातो.

तापमान थोडं इकडेतिकडे करून अर्ज ठोकणारे असतात, एवढं मान्य करावं लागेल. पण पेटंट मिळण्याआधी कलम २५ खाली कोणीही, अगदी शेतकरीसुद्धा, हरकत घेऊ शकतो. मिळाल्यावर संबंधितांना आणखी एक वर्ष असतं. अर्जाच्या आधीच्या तारखेची, तीच प्रक्रिया सांगणारी साधी छापील पुस्तिकाही तिथे पुरावा म्हणून चालते.