‘यूज पॉझिक्स’च्या पुढे दोन कंस लिहायला काय जातंय?

पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल काही लिहिलं की खाली कुणीतरी विचारतंच, ‘अजून आहे का हे?’ आहे की ओ. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कुठल्या पाळीत किती माल निघाला, कुठल्या गाडीत किती डझन चढले, हे आजही पर्लमधला प्रोग्रॅमच सांगतो. ज्यानं लिहिला तो कधीच हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेला, प्रोग्रॅम इथंच राहिला. सध्या तो मी सांभाळतो. भाषा जुनी की नवी हा वाद नंतर कधीतरी घालू. आज एका सवयीवर बोलायचंय. क्लासच्या (एका प्रकारच्या वस्तूची माहिती नि तिची कामं एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या) फाईलीत मदतीची फंक्शनं दुसऱ्या मॉड्यूलमधून आयात करायची आणि ती तशीच उघडी सोडून द्यायची, ही ती सवय.

मध्यंतरी तिथल्या सुपरवायझर लोकांना गाड्यांचा रिपोर्ट उघडेना. ‘परवानगी नाही’ एवढंच यायचं. कारकुनाला उघडतो, मालकांना उघडतो, सुपरवायझरांना मात्र नाही. मालकांचा फोन आला, "इंजिनिअर साहेब, माणूस तोच, पासवर्ड तोच, मग कालपासून काय झालं ओ?" झालं होतं असं, की आमच्याकडच्या नव्या मुलानं सुपरवायझरच्या क्लासमध्ये एक ओळ घातली होती: यूज पॉझिक्स, म्हणजे पॉझिक्स नावाचं तयार फंक्शनांचं मॉड्यूल वापर. नगांना बारानं भागून पूर्ण डझन काढायचे, त्यासाठी त्याला त्यातलं ‘फ्लोअर’, अपूर्णांक सोडून खालचा पूर्ण अंक देणारं फंक्शन, हवं होतं. डझनांचा हिशोब अगदी बरोबर येत होता. परवानगीच्या कोडला त्यानं हातही लावला नव्हता.

पण पॉझिक्स मॉड्यूल नुसतं बोलावलं की मागितलेलं एकच फंक्शन येत नाही, त्याचा जवळजवळ सगळा गोतावळा येतो. त्यात ‘ॲक्सेस’ नावाचं एक फंक्शन आहे. अमुक फाईल आहे का, वाचता येते का, हे ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं. आणि आमच्या मूळ यूजर क्लासमध्ये परवानगी तपासणाऱ्या मेथडचं (क्लासच्या स्वतःच्या फंक्शनचं) नावही ‘ॲक्सेस’च होतं! सुपरवायझरचा क्लास त्या यूजर क्लासचा वारस. म्हणजे वारशानं मिळालेली मेथड वर राहिली आणि आयात केलेलं फंक्शन तिच्या आधी पुढे आलं. त्या फंक्शनला दोन आर्ग्युमेंट (आत द्यायच्या गोष्टी) लागतात, दोन मिळाली: पहिलं म्हणजे ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली त्या सुपरवायझरची नोंद), दुसरं रिपोर्टचं नाव. पर्लनं निमूटपणे ऑब्जेक्टची स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, केली, त्या विचित्र नावाची फाईल डिस्कवर आहे का ते पाहिलं, नाही म्हटल्यावर उत्तर खोटं. स्क्रीनवर ‘परवानगी नाही’. प्रोग्रॅम कुठेही कोसळला नाही. लॉगमध्ये ‘हे आर्ग्युमेंट अंक नाही’ अशी एक वॉर्निंग पडत होती, पण कारखान्यातला लॉग कोण वाचतंय?

हे का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. पर्लमध्ये फंक्शन आणि मेथड अशा दोन जाती नाहीत. दोन्ही नुसत्या सबरुटीन, दोन्ही पॅकेजच्या (क्लास म्हणजे पर्लमध्ये एक पॅकेजच) एकाच सिंबॉल टेबलमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत. ऑब्जेक्टपुढे बाण काढून नाव घेतलं की पर्ल आधी त्याच्या पॅकेजच्या टेबलात बघतं, तिथं नाही सापडलं तर मग वारसाहक्कानं वर जातं. फंक्शनं आयात करून देणाऱ्या एक्स्पोर्टर मॉड्यूलचं कामही एवढंच: तिकडच्या सबरुटीनचं नाव इकडच्या टेबलात चढवायचं. कारखान्यात एका दिवसापुरता बोलावलेला फिटर हजेरीपटावर चढला, की त्या नावानं हाक मारणाऱ्याला ओ देणार तोच. कायमचा कोण नि रोजंदारीवरचा कोण, हे हाक मारणाऱ्याला कसं कळणार? १९९४ मध्ये पर्ल ५ आलं तेव्हापासून ऑब्जेक्टचा सगळा डोलारा या एका टेबलावर उभा आहे. मला तो साधेपणा आवडतो, पण त्याची किंमत ही अशी.

त्याच पॅकेजमध्ये स्वतःची ‘ॲक्सेस’ लिहिलेली असती तर वॉर्निंग चालू असताना पर्लनं ‘सबरुटीन पुन्हा लिहिली गेली’ म्हणून कुरकुर तरी केली असती. आईबापाच्या क्लासमधली मेथड झाकली गेली तर चकार शब्द काढत नाही, कारण जाणूनबुजून झाकणं आणि चुकून झाकणं यांतला फरक त्याला दिसणारच नाही.

यावर आमच्या पोराचं उत्तर तयार होतं. "सर, सगळ्या फाईलींत नेमस्पेस ऑटोक्लीन टाकून देऊ की." इथंच माझं नि त्याचं वाजलं. मॉड्यूल चांगलं आहे, मूज या क्लास बनवायच्या मॉड्यूलबरोबर मीही वापरतो. कंपाइल (चालवण्याआधी कोड वाचून तयार करणं) संपता संपता ते पॅकेजमधली परकी नावं टेबलातून पुसतं. कोडमधले कॉल तोवर त्या सबरुटीनला बांधले गेलेले असतात, त्यामुळे आतलं काम चालू राहतं आणि बाहेरून बाण मारणाऱ्याला नाव सापडत नाही. युक्ती झकास आहे. पण परकं कोण हे ते ठरवतं अंदाजानं, सबरुटीन मुळात कुठल्या पॅकेजात जन्मली ते बघून. आपल्यासाठी दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलनं मेथड बनवून इथं ठेवली असेल तर तिच्यावरही झाडू फिरू शकतो. मू (मूजचं हलकं भावंड) वापरणाऱ्यांनी तर कंपाइलच्या वेळी घेतलेल्या रोलच्या (क्लासांत मिसळायच्या मेथडींच्या गठ्ठ्याच्या) बाबतीत जपून राहावं, हे त्याच्या कागदपत्रांतच लिहिलंय. न समजता प्रत्येक फाईलीच्या माथ्यावर ती ओळ चिकटवायची म्हणजे गाडीला लिंबू-मिरची बांधण्यातलाच प्रकार.

त्याचं मोठं भावंड, नेमस्पेस क्लीन, मला जास्त पटतं. ते अंदाज करत नाही. त्या ओळीच्या वर जे आयात केलं किंवा लिहिलं ते पुसतं, खालचं ठेवतं. म्हणजे आपली खासगी मदतनीस फंक्शनंही वर लिहून झाकता येतात. फक्त ओळ कुठे आहे याचं भान हवं. कुणी नवीन आयात खाली चिकटवली की ती राहिलीच उघडी.

रोलमध्ये हीच गोष्ट आणखी चिवट होते. रोल बनवायच्या रोल टायनी मॉड्यूलमध्ये ‘यूज रोल टायनी’च्या आधी आणलेली फंक्शनं मेथड धरली जात नाहीत, नंतर आणलेली मात्र रोल घेणाऱ्या क्लासांत पोचू शकतात. ओळींचा क्रम बघा, एवढंच सांगतो.

आता माझं मत. बहुतेक वेळा झाडू लागूच नये. ‘यूज पॉझिक्स’च्या पुढे रिकामे कंस लिहा आणि फंक्शनला पूर्ण नावानं बोलवा, पॉझिक्स::फ्लोअर. टेबलात काही चढलंच नाही, तर पुसायचं काय? याद्यांवरची फंक्शनं देणाऱ्या लिस्ट युटिल मॉड्यूलचं तेच. तिथं ‘फर्स्ट’, ‘मॅक्स’, ‘सम’ अशी नावं आहेत. ऑर्डरच्या क्लासमध्ये कुणाला ना कुणाला ‘सम’ नावाची मेथड हवीच असते. नाव लांब होतं, मान्य. पण सहा महिन्यांनी वाचताना ‘फर्स्ट’ कुठून आलं हे शोधायला फाईलीच्या डोक्याशी जावं लागत नाही. पॉझिक्सचं तर त्याचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की सगळं आपोआप आयात होणं ही जुन्या कोडसाठी ठेवलेली दुर्दैवी सोय आहे, वापरू नका. इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही प्रत्येक जुन्या कोडबेसमध्ये ती उघडी ओळ सापडतेच.

सगळीकडे असा कडकपणा करा असं नाही म्हणत. चूक कळवून थांबवणारं कार्प मॉड्यूलचं ‘क्रोक’ नुसतं आणलं तर मी रिव्ह्यूमध्ये अडवत नाही. ऑब्जेक्टवर ‘क्रोक’ नावाची मेथड कोण ठेवणार? नाव जितकं छोटं नि रोजच्या वापरातलं, तितका धोका जास्त, हा माझा हिशोब. ‘ॲक्सेस’, ‘पॉज’, ‘मॅक्स’ दिसलं की मी थांबतो.

खरा इलाज पर्लमध्ये उशिरा आला, पण आला. २०२२ च्या ५.३६ मध्ये बिल्टइन नावाचं मॉड्यूल मिळालं. त्यातली फंक्शनं लेक्सिकल आयात होतात, म्हणजे त्या ब्लॉकपुरती किंवा फाईलपुरती दिसतात आणि सिंबॉल टेबलात चढतच नाहीत. आणि गंमत बघा, त्यात ‘फ्लोअर’ आणि वरचा पूर्ण अंक देणारं ‘सील’ही आहेत. आमच्या डझनांसाठी पॉझिक्सची गरजच नव्हती. ५.३८ पासून आपल्या मॉड्यूललाही असं लेक्सिकल एक्स्पोर्ट करता येतं. लिस्ट युटिलसारखी जुनी मॉड्यूल मात्र अजूनही टेबलातच नावं टाकतात, म्हणून कंसांची सवय सुटत नाही.

कारखान्याच्या सर्व्हरवर पर्ल ५.१६ आहे. बिल्टइन तिथं मिळणार नाही आणि चालू मशीन मालक बदलू देणार नाहीत. तेव्हा पोराला सांगितलंय, जुन्या सगळ्या फाईलींत आयातीच्या ओळी शोध, कंस टाक, पूर्ण नावं लिही. शिवाय सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या भांडारातली टेस्ट क्लीननेमस्पेसेस ही चाचणी लाव, म्हणजे कुठल्या क्लासमध्ये परकी नावं उघडी राहिलीत ते ती दाखवेल. तो म्हणाला, "सर, यादी लई मोठी येईल." येऊ दे की. सुपरवायझरच्या क्लासपासून सुरुवात कर म्हटलं.