संस्कृती गावाची, जागरणं सुनेची

कळंबच्या आमच्या दहावीच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. कुणीतरी सुचवलं, केरळसारखं तालुक्यात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारी माणसाचा त्रास हलका करणारी सेवा, सुरू करू, स्वयंसेवक घरोघरी जातील. लगेच एकानं लिहिलं, 'ही गोऱ्यांची थेरं. आपल्याकडं माणूस घरच्यांच्या मांडीवर जातो.' खाली अंगठ्यांची रांग. सगळे पुरुषांचे.

मांडी कुणाची, ते सांगा की. माझ्या चुलत्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. बार्शीला उपचार झाले, पुढचं सगळं घरी, बाजेवर. जखम धुणं, कूस बदलणं, रात्र रात्र जागणं काकूनं आणि सुनेनं केलं. गाव यायचं, चहा प्यायचं, 'देवाची मर्जी' म्हणून उठायचं.

आणि गोऱ्यांची कशी? मुंबईत शांती आवेदना हे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, 1986 पासून आहे. कालिकतला 1993 साली सुरू झालेल्या कामात पुढं विद्यार्थी, शेतकरी, गृहिणी उतरल्या. मल्याळी माणसाला संस्कृती नाही काय?

मी इंग्लंडात लेस्टरला असतो. डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, झालं, ट्रेनिंग झालं, आता दर गुरुवारी हॉस्पिसच्या रोटावर माझं नाव असतं. चहाची ट्रॉली फिरवायची, पेपर वाचून दाखवायचा, नाहीतर नुसतं बसायचं. पुण्य कमवायला गेलो नव्हतो. घर झालं, पासपोर्ट झाला, तरी शेजाऱ्याशी बोलणं हवामानापुढं सरकेना, म्हणून गेलो. तिथं एक गुजराती बा होत्या, 1972 ला युगांडातून हाकललेल्यांपैकी. मी दिसलो की म्हणायच्या, 'आव्यो?' कळंबच्या स्टँडवर उतरलो की आता लोक विचारतात, 'परत कधी जाणार?'

हे ग्रुपवर लिहिलं, तर त्याच मित्राचं उत्तर आलं, 'परक्यांचं गू-मूत काढण्यापेक्षा गावाकडं ये.' गू-मूत नर्स बघतात, मी बसतो. पण येतो म्हटलं तरी बसू कोण देणार? मागच्या दिवाळीत याच्याच घरी गेलो होतो. अण्णा अंथरुणाला खिळलेले. उशी सरकवायला हात लावला, तर वहिनी ओशाळल्या आणि ह्यानं मला उठवून सोफ्यावर बसवलं, चिवड्याची बशी हातात दिली. सुट्टीवर आलेल्या माणसाला कशाला त्रास, म्हणाला.

अरे, मला तासभर अण्णांपाशी बसू दे, तेवढ्यात वहिनींना जरा झोप काढू दे. हे कबूल असेल तर ग्रुपवर लिही. डिसेंबरचं तिकीट काढतो.